विश्वासाची ढाल : ख्रिस्ती मराठी लेखनातील आध्यात्मिक युद्धाचे रूपक

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर मोहाशी होणाऱ्या झुंजीचे ख्रिस्ती रूपक मराठीत कोणत्या शब्दांनी साकार झाले, हे आपल्याला सांगता येईल. त्या शब्दांची निवड केवळ भाषांतराची बाब नसून शत्रू कोण आणि लढायचे कसे, याचा निर्णयही तिच्यात कसा दडलेला असतो, याची चर्चा आपल्याला करता येईल.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, अंतर्मनातील लढाईची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. ज्ञानेश्वरी ज्या ग्रंथावरील भाष्य आहे, तो ग्रंथ रणभूमीवरच सुरू होतो. काम-क्रोधादी सहा विकारांना आपण सहज 'षड्रिपू' म्हणतो. 'रिपू' या शब्दात युद्ध आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. तुकोबांनी तर जगाशी आणि मनाशी अखंड चालणाऱ्या झुंजीला अभंगात स्थान दिले. या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती लेखक मराठीत लिहू लागले, तेव्हा त्यांच्यापुढे रिकामी पाटी नव्हती. शब्द आधीच वापरून गुळगुळीत झालेले होते, त्यांना जुने अर्थ चिकटलेले होते.

हा प्रवास बराच लांबचा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात श्रीरामपूर आणि मुंबई येथील मिशनऱ्यांनी बायबलचे मराठी अनुवाद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून स्वतंत्र अनुवाद हाती घेतला. संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. याच काळात ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांची कविता घडत होती. हा सर्व इतिहास आपण मागील घटकांत पाहिला आहे, म्हणून येथे त्याची पुनरुक्ती नको. आपल्याला पाहायचे आहेत ते काही मोजके शब्द.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ 'परीक्षा' की 'मोह'?

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत 'पेइरास्मोस' असा एक शब्द येतो. त्याचे दोन अर्थ आहेत. एक, कसोटी : सोने तावून पाहतात तशी माणसाची पारख. दुसरा, प्रलोभन : माणसाला वाटेवरून ढळवण्याचा प्रयत्न. ग्रीक वाचकाला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. मराठी अनुवादकाला मात्र एक निवडावा लागतो आणि निवडताच दुसरा हातातून सुटतो.

प्रभूच्या प्रार्थनेत मराठी बायबलने 'परीक्षा' हा शब्द घेतला. कॅथलिक उपासनेतील प्रचलित मराठी प्रार्थनेत 'मोह' आहे. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत याच ठिकाणी 'ताळणी' हा शब्द येतो. एकच प्रार्थना आणि तिची शेजारशेजारची तीन रूपे. पण प्रत्येकीत भक्त वेगळे काहीतरी मागतो आहे.

'परीक्षा' म्हणजे परि + ईक्षा, सर्व बाजूंनी पाहणे. या शब्दात पाहणारा कोणीतरी बाहेर आहे आणि भक्त त्याच्यासमोर उभा आहे. (नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना या शब्दाचा वेगळा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.) 'मोह' हा मुळात 'मुह्' या धातूपासून आलेला शब्द. भ्रमणे, भान हरपणे, मूर्च्छित होणे असे त्याचे अर्थ. त्यामुळे 'मोह' म्हटले की घटना बाहेरून आत येते. पाहणारा उरत नाही, उरते ते धूसर झालेले मन. शिवाय मराठी वाचकाच्या मनात 'मोह' हा सहांपैकी एक रिपू आहे. बायबलच्या मराठीत तो एकटाच सगळ्या प्रलोभनांचा प्रतिनिधी होतो. क्रोधाने भडकणे किंवा मत्सराने जळणे यांनाही आता 'मोहात पडणे' म्हणावे लागते. ही अर्थविस्ताराची प्रक्रिया आपण भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत पाहिली आहे. येथे तिचे एक जिवंत उदाहरण मिळते.

याकोबाच्या पत्रात ही अडचण अधिक टोकदार होते. एकाच अध्यायात लेखक आरंभी संकटांच्या कसोटीतून धीर निर्माण होतो असे सांगतो आणि थोड्याच ओळींनंतर देव कोणालाही मोहात घालत नाही असे बजावतो. ग्रीकमध्ये दोन्हीकडे मूळ एकच. मराठीत तेथे 'परीक्षा' आणि 'मोह' हे दोन शब्द लागतात. त्यामुळे लेखकाचा युक्तिवाद मराठीत अधिक सुबोध होतो, पण ज्या कोड्यामुळे तो युक्तिवाद करावा लागला ते कोडेच दिसेनासे होते. तीच घटना एकाच्या दृष्टीने कसोटी आणि दुसऱ्याच्या दृष्टीने फूस असू शकते, हे ते कोडे.

त्याच पत्रात वासनेने माणूस ओढला जातो, असे सांगताना लेखक मासेमारीचे क्रियापद वापरतो. त्याचा शब्दशः अर्थ गळाला आमिष लावणे. मराठीत आपण 'आमिष दाखवणे' असे रोज म्हणतो. 'आमिष' म्हणजे मुळात मांस, हे मात्र विसरतो. येथे आपली भाषा मूळ ग्रंथाच्या अगदी जवळ आहे, कोणत्याही अनुवादकाच्या कष्टांवाचून.

आता व्याकरणाचा एक मुद्दा. 'पडणे', 'पाडणे' आणि 'पडू देणे' ही तीन रूपे मनात म्हणून पाहा. 'मला मोहात पाडू नकोस' असे म्हटले, तर पाडणारा देव ठरतो. 'मला मोहात पडू देऊ नकोस' असे म्हटले, तर पडणारा मी आणि सावरणारा तो. प्रयोजक आणि अनुमतिदर्शक रूपांमधला हा भेद. फ्रान्समधील कॅथलिक चर्चने २०१७ मध्ये आपल्या प्रार्थनेचे शब्द बदलले ते नेमके याच भेदासाठी. इटलीतील नव्या प्रार्थनाग्रंथातही २०२० मध्ये तसा बदल झाला. कोट्यवधी लोकांच्या तोंडी रुळलेले वाक्य एका क्रियापदासाठी बदलावे असे वाटणे, ही मला व्याकरणाच्या बाजूने मिळालेली मोठीच साक्ष वाटते.

३.३.२ रानातील संवाद

मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत येशूच्या मोहाची कथा येते. चाळीस दिवसांचा उपवास, रान आणि तीन प्रलोभने : दगडांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणे आणि जगातील राज्यांच्या बदल्यात सैतानापुढे लोटांगण घालणे. शेवटच्या दोहोंचा क्रम दोन्ही लेखकांत उलटसुलट आहे, एवढी नोंद पुरे.

या कथेत युद्ध आहे. पण शस्त्र एकही नाही. सारे काही बोलण्यात घडते. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याने ती संवाद म्हणून वाचावी. सैतानाचे पहिले वाक्य सशर्त आहे. येशू देवाचा पुत्र आहे, ही गोष्ट आधीच्याच प्रसंगात, बाप्तिस्म्याच्या वेळी, उच्चारली गेली आहे. आता तीच 'जर'च्या पुढे येते. मराठीत हे दोन प्रकारे म्हणता येईल. 'असशील तर' म्हटले की शंका दाखवली जाते. 'आहेस ना, मग' म्हटले की गोष्ट मान्य करून डिवचले जाते. ग्रीक वाक्यरचनेत दुसऱ्या अर्थाला पुरेपूर जागा आहे आणि माझ्या मते तीच फूस अधिक घातक. शंका घेणाऱ्याला माणूस सावधपणे उत्तर देतो. मोठेपणा मान्य करून 'मग दाखव की' म्हणणाऱ्यापुढे तो घसरतो. कचेरीत, घरात, मित्रमंडळींत हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल!

येशूची उत्तरे पाहा. तो आपले पुत्रत्व सिद्ध करायला जात नाही. म्हणजे 'जर'चा वाद तो स्वीकारतच नाही. तिन्ही उत्तरे अनुवाद या जुन्या करारातील ग्रंथातून घेतलेली आहेत. इस्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या अरण्यवासाच्या संदर्भातील ती वचने. लोक जेथे ढळले, तेथेच हा एकटा उभा राहतो, असे लेखकाला सुचवायचे आहे. मात्र एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटते : सैतानही शास्त्रवचन उद्धृत करतो, तेही स्तोत्रसंहितेतून. त्यामुळे पवित्र ग्रंथ मुखोद्गत असणे म्हणजे सुरक्षित असणे, असा सोपा निष्कर्ष ही कथा काढू देत नाही. वचन कोणत्या प्रसंगी आणि कशासाठी उच्चारले जाते, यावर त्याचा अर्थ ठरतो.

३.३.३ शस्त्रसामग्री

युद्धाचे रूपक सविस्तर येते ते इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात. सत्याने कसलेली कंबर, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पादत्राणे, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार, अशी ही सामग्री. तिचा आराखडा रोमन सैनिकाचा आहे. पण काही तुकडे अधिक जुने आहेत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात नीतिमत्त्वाचे उरस्त्राण आणि तारणाचे शिरस्त्राण स्वतः देव धारण करतो. म्हणजे येथे भक्ताला देवाचाच पोशाख दिला जातो आहे.

मराठी शब्दांकडे लक्ष द्या. 'चिलखत' हा मराठ्यांच्या इतिहासाने घराघरात नेलेला शब्द हाताशी होता. अनुवादकांनी मात्र 'उरस्त्राण' आणि 'शिरस्त्राण' हे संस्कृत शब्द घेतले. त्यामुळे भारदस्तपणा आला; लोखंडाचे वजन मात्र गेले. 'तारण' या शब्दाची गंमत वेगळीच. ख्रिस्ती मराठीत तो उद्धार, मुक्ती या अर्थी रूढ आहे, तर बँकेच्या मराठीत कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू म्हणजे तारण. एकाच अक्षरांचे हे दोन शब्द समाजाच्या दोन कोपऱ्यांत सुखाने नांदत आहेत.

'विश्वास' या शब्दावर थोडे थांबू. 'श्रद्धा' हा पर्याय उपलब्ध असताना ख्रिस्ती मराठीने 'विश्वास' का पत्करला? 'श्रद्धा' बहुधा एखाद्या तत्त्वावर, देवतेवर असते. 'विश्वास' आपण माणसावरही टाकतो : शेजाऱ्यावर, वैद्यावर, मुलावर. ग्रीकमधील मूळ शब्दात भरवसा आणि एकनिष्ठा या दोन्ही छटा आहेत, त्यामुळे ही निवड योग्यच म्हणावी लागते. व्युत्पत्तीनेही तिला पाठबळ मिळते. 'विश्वास' हा 'श्वस्' धातूपासून आला : निर्धास्तपणे श्वास घेणे, निर्भय असणे. ढालीमागे उभ्या असलेल्या माणसाला नेमके तेवढेच हवे असते. मूळ ग्रीकमध्ये या ढालीचे नाव 'दार' या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे, कारण ती लहान गोल ढाल नव्हे, दरवाजासारखी उंच, अंग झाकणारी होती.

या संपूर्ण उताऱ्यात कणा असलेले क्रियापद कोणते? 'लढा' किंवा 'जिंका' नव्हे. ते आहे 'उभे राहा'. काही ओळींत ते वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते. सामग्रीतही तलवार सोडली तर आक्रमणाचे काहीच नाही. आणि आपली झुंज रक्तामांसाच्या माणसांशी नाही, हे लेखक सामग्रीची यादी देण्यापूर्वीच सांगून टाकतो. ही दोन विधाने आपण पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवू.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : 'मोहात पाडणे' आणि 'मोहात पडू देणे' यांतील कर्त्याची जबाबदारी कशी बदलते, ते स्वतःच्या दोन वाक्यांनी स्पष्ट करा.

३.३.४ दरीतली लढाई : 'यात्रिकक्रमण'

या सामग्रीला कथेचे रूप दिले ते जॉन बन्यन याने. हा भांडी दुरुस्त करणारा कारागीर. इंग्लंडच्या यादवी युद्धात सैनिक होता आणि परवान्याविना धर्मोपदेश केल्याबद्दल त्याने बारा वर्षे तुरुंगवास भोगला. त्याचे रूपकात्मक यात्रावर्णन १६७८ मध्ये निघाले. हरि केशवजी यांनी ते १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीपूर्वी सोळा वर्षे मराठी वाचकाच्या हाती आलेले हे दीर्घ कथात्म गद्य. कादंबरीच्या इतिहासात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, हे मला नेहमी खटकते.

बन्यनचा यात्रिक अपमानाच्या दरीत उतरतो आणि समोर अपोल्योन येतो. त्याआधी यात्रिकाला शस्त्रसामग्री मिळालेली असते. शत्रू दिसताच त्याच्या मनात पळून जाण्याचा विचार येतो. पण पाठीला चिलखत नाही, हे त्याला आठवते आणि तो थांबतो. वीरवृत्तीचा येथे लवलेश नाही. पळण्यात धोका अधिक, एवढाच हिशेब. उभे राहण्याचे हे कारण मला अत्यंत मानवी वाटते.

पुढे काय होते ते बारकाईने पाहा, कारण मोहाचे व्याकरण बन्यनने येथे उलगडले आहे. अपोल्योन प्रथम हक्क सांगतो : तू माझी प्रजा आहेस. मग सौदा करतो : परत ये, चांगले वेतन देतो. तुझ्या वेतनावर माणसाला जगता येत नाही, हे यात्रिकाने त्याआधीच सांगितलेले असते. तेव्हा अपोल्योन तिसरा डाव टाकतो. तो यात्रिकाचे आजवरचे सगळे दोष वाचून दाखवतो : कोठे घसरला, कोठे झोपला, कोठे कच खाल्ली. त्यावर यात्रिकाचे उत्तर असे की हे सर्व खरे आहे आणि तू सांगितले नाहीस असेही पुष्कळ आहे. पण माझा राजा क्षमाशील आहे. या उत्तरानंतरच अपोल्योन संतापून शस्त्र उचलतो आणि जळता बाण फेकतो. तो ढालीवर अडतो.

'सैतान' हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या मार्गाने आला. हिब्रू 'सातान' हा त्याचा सगोत्र, आणि त्याचा अर्थ विरोधक, आरोप करणारा. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात जवळजवळ फिर्यादी वकिलाचेच काम करतो. बन्यनने हा अर्थ नेमका पकडला. मोहाचे सर्वांत प्रभावी रूप मिष्टान्नाचे किंवा धनाचे नसते. 'तू आधीच इतका पडला आहेस, आता उभे राहून काय करणार?' हे ते रूप. व्यसन सोडू पाहणाऱ्या माणसाला एकदा पाय घसरल्यानंतरची दुसरी संध्याकाळ विचारा. त्याला हा आवाज ओळखीचा असतो. विश्वासाची ढाल येथे चमत्कार करीत नाही. ती आरोप नाकारत नाही, फक्त तो शेवटचा शब्द होऊ देत नाही.

३.३.५ शत्रू कोण?

आता आपण काळात मागे, गोव्याकडे वळू, कारण रूपकाची दुसरी बाजू तेथे दिसते. स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचताना मराठी भक्तिपरंपरेचे शब्द मोकळेपणाने स्वीकारले. स्वर्गाला ते 'वैकुंठ' म्हणतात. पण सैतानासाठी त्यांच्या ग्रंथात 'देवचार' येतो. गोव्याच्या हिंदू लोकश्रद्धेत देवचार हा गावाचा राखणदार. तो रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो. त्याला रोट वाहतात. ख्रिस्ती कोंकणीत मात्र 'देंवचार' म्हणजे सैतान. एकाच गावात, एकाच भाषेत एकाचा रक्षक तो दुसऱ्याचा शत्रू झाला.

याला केवळ अर्थापकर्ष म्हणून पुढे जाता येणार नाही. राचोल ज्या साष्टी प्रदेशात आहे, तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये पाडली होती. स्टीफन्स गोव्यात येण्यापूर्वीची ही घटना. ते ज्या संघाचे होते त्याचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे स्वतः सैनिक. १५२१ मध्ये पाम्पलोना येथे ते जखमी झाले. त्यांच्या आध्यात्मिक साधनेत दोन ध्वजांचे, दोन सेनापतींचे चिंतन येते. ही साधना स्वतःच्या मनाच्या परीक्षणासाठी आहे. परंतु सत्तेच्या छायेत ध्वज मनात राहत नाहीत. रक्तामांसाशी झुंज नाही, असे सांगणारे रूपक शेजाऱ्याच्या राखणदारावर जाऊन बसले.

म्हणून स्टीफन्स यांचे मूल्यमापन एकरंगी करू नये. मराठीवर अपार प्रेम करणारा हा कवी. त्यांनी 'वैकुंठ' घेतले म्हणून उदार आणि 'देवचार' घेतला म्हणून अनुदार, असे दोन खणांत त्यांना वाटून टाकणे सोपे आहे. नवदीक्षितांना समजेल अशा शब्दाचा शोध ते घेत होते आणि समजणारा प्रत्येक शब्द कोणाच्या तरी घरातून आणलेला होता, असे मला वाटते.

या प्रश्नाला वेगळे उत्तर टिळकांकडे मिळते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. पूल सोडून आलेल्या माणसाला पलीकडचा काठ शत्रूचा म्हणता येत नाही. त्यांच्या भक्तिकवितेत झुंज आहे, पण ती मुख्यतः स्वतःच्या 'मी'शी आहे. येथे अभंगपरंपरा आणि याकोबाचे पत्र एकमेकांच्या निकट येतात. अर्थात दोन्ही एकच आहेत, असे मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नका. षड्रिपू सर्वस्वी आतले आहेत. पौलीय पत्रपरंपरेतील सत्ता अदृश्य असल्या तरी माणसाच्या बाहेरच्या आहेत आणि त्यांच्यापुढे उभे राहण्याचे बळही बाहेरून, देवाकडून येते.

३.४ स्वाध्याय आणि उपक्रम

१. अपोल्योनच्या तीन डावांचा क्रम (हक्क, सौदा, आरोप) रानातील तीन प्रलोभनांशी ताडून पाहा. साम्य कोठे आहे आणि कोठे तुटते?

२. 'देवचार' या शब्दाच्या अर्थांतरामागील सामाजिक कारणांची चर्चा करा.

३. उपक्रम : आपल्या घरात किंवा गावात मोहासाठी वापरले जाणारे शब्द जमवा. भुरळ, भूल, लालूच, नाद, चटक हे त्यांपैकी काही. प्रत्येक शब्दात दोष कोणाकडे जातो, पडणाऱ्याकडे की पाडणाऱ्याकडे, याची वयाने ज्येष्ठ असलेल्या किमान दोन व्यक्तींशी बोलून नोंद करा. ती मंडळी उदाहरणादाखल जे प्रसंग सांगतील, तेही त्यांच्याच बोलीत लिहून घ्या.